गाडी आणि गादी

गाडी थरथरते असं पुरुषानं सांगितलं, की लोक वाकून गाडीखाली बघतात. बाईनं सांगितलं, की बाईकडे बघतात. वहिनींच्या बाबतीत तर नुसतं बघून कुणी थांबलं नाही. गाडी ठणठणीत आहे आणि बाईच बिघडली आहे, असा निकाल देऊन सगळे मोकळे झाले. आणि निकाल देणारा कोण? ज्यानं गाडी बिघडवली तोच! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पण आधी वहिनी कोण ते सांगायला हवं. त्या कुणा एकाच्या वहिनी नव्हेत, अख्ख्या बाजाराच्या वहिनी. नवऱ्याला बाजारात सगळे दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. दादा पिकअपमधून काचा पोचवायचे. खिडक्यांच्या काचा, कपाटांच्या काचा, माणूसभर उंचीचे आरसे. मागच्या हौद्यात लाकडी चौकट उभी केलेली, तिला काचा टेकवायच्या, मध्ये गोणपाट सरकवायचं, वरून दोरी आवळायची, आणि मग रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी गोड बोलत जायचं. पुढे दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा त्यांनी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात बायकोला गाडी शिकवली.

शिकवताना दादांचं एकच पालुपद असायचं. "गाडी हातानं चालवायची नसते, बुडानं चालवायची असते. हात नुसते वळवतात. गाडीला काय दुखतंय ते आधी बुडाला कळतं."

"शोभतं का हे बोलणं?" वहिनी म्हणायच्या.

"शोभत नाही, पण खरं आहे," दादा म्हणायचे.

बरं, हे मैदानात दोघंच असताना बोलले असते तर ठीक. दादा हेच वाक्य गॅरेजमध्ये चार माणसांत मोठ्यानं ठोकून द्यायचे. उस्ताद मिस्त्री हातातला पाना खाली टाकून हसायचा आणि वहिनी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायच्या. लहानपणापासून त्यांना शिकवण अशी, की शरीराच्या काही भागांना नावं असली तरी ती चांगल्या घरच्या बाईच्या तोंडात नसतात.

दादा गेले. तेरड्याचा रंग तीन दिवस तसं लोकांचं हळहळणं संपलं आणि वहिनींनी किल्ली उचलली. आधी बाजार हसला. मग हसायचा थांबला, कारण वहिनींच्या गाडीतून गेलेली काच कधी फुटून पोचली नाही. काचेच्या दुकानाचा शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "मोठा आरसा आहे ना? मग वहिनींनाच येऊ दे." वहिनींना त्या दिवसांत पैशापेक्षा, पोटापेक्षा, कशापेक्षाही त्या वाक्याचं अप्रूप होतं. घरी मुलगा होता, ऑफिसात चांगल्या नोकरीला होता, खायची ददात नव्हती. पण त्या सीटवर बसल्या की त्या कुणाची आई, कुणाची बायको नसत. त्या गाडी चालवणाऱ्या असत.

तर एके दिवशी गाडी गिअर टाकताना पोटाखालून 'टक्' करायला लागली. वहिनींनी ती उस्तादकडे नेली.

उस्ताद म्हणजे दादांचा जुना मित्र. हात सोन्याचा आणि डोकं त्याहून गरम. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "क्रॉस गेलाय वहिनी." इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी शाफ्ट गाडीच्या पोटाखाली फिरत असतो. त्याच्या सांध्याला क्रॉस म्हणतात. उस्तादनं शाफ्ट उतरवला, दोन तुकडे वेगळे केले, क्रॉस बदलला आणि पुन्हा चढवला. टक् गेली. थरथर आली.

गावातल्या गर्दीत ती यायची नाही. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलं, चौथा गिअर पडला आणि गाडी पळायला लागली, की खालून एक बारीक, चिवट शिरशिरी सुरू व्हायची. सीटमधून निघायची ती पाठीच्या मणक्यातून चढत थेट दातांत. पाय काढला की गायब. पुन्हा वेग दिला की हजर. पायरीवर बसलेल्या हट्टी पाहुण्यासारखी, काही केल्या जाईना.

वहिनी दुसऱ्याच दिवशी गॅरेजात. "उस्ताद, तुम्ही क्रॉस बदलल्यापासून गाडी थरथरतेय."

झालं! उस्तादच्या शेपटीवर पाय पडला. "माझ्या हातचं काम वहिनी? माझ्या हातचं काम पुन्हा उघडावं लागलं असं या बाजारात एकानं येऊन सांगावं! क्रॉसचा आणि थरथरीचा काडीचा संबंध नाही." मग जरा थंड होऊन त्यानं विचारलं, "कुठे जाणवतंय?"

एवढा एकच प्रश्न त्यानं शहाण्यासारखा विचारला. आणि नेमक्या तिथंच वहिनींची जीभ टाळ्याला चिकटली. शब्द ओठांवर होता. पण समोर दिरासारखा माणूस, बाजूला चहाचे पेले घेऊन बसलेले तीन-चार ड्रायव्हर. त्यांच्यापुढे कसं बोलायचं?

"खाली," वहिनी म्हणाल्या.

"खाली म्हणजे टायर," उस्ताद म्हणाला आणि त्यानं चारही चाकांचं बॅलन्सिंग करायला लावलं. थरथर जिथल्या तिथं.

पुढच्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "मागून येतंय." उस्तादनं हौद्याचा मागचा फाळका आवळला, त्याच्या कड्या बदलल्या, सगळे नटबोल्ट पिळून काढले. थरथर मजेत. तिसऱ्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "आतून येतं हो काहीतरी." उस्तादनं इंजिनाखालचे रबर बदलले. बिचाऱ्या वहिनी एका शब्दाला वळसा घालून अख्ख्या गाडीची प्रदक्षिणा करून आल्या आणि उस्ताद त्यांच्या मागे पाना घेऊन फिरला.

दर वेळी काम झालं की उस्ताद गाडी फिरवून बघायचा. पण फिरवून म्हणजे किती? कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत. आणि जाताना सीटवर आपली गादी ठेवायची. उस्तादची ती गादी बाजारात प्रसिद्ध होती. जाडजूड फोमची, मध्ये भोक असलेली. स्टुलावर बसला तरी खाली गादी, स्कूटरवर गादी, लग्नकार्यात जेवायला बसला तरी गादी. "कंबर धरते," असं तो सांगायचा. भोकाच्या गादीवर कुठल्या दुखण्याचा माणूस बसतो ते सगळ्यांना कळत होतं, पण विचारणार कोण? सभ्य माणसांचा बाजार!

कोपऱ्यावरून परत आला की उस्तादचं ठरलेलं वाक्य. "स्टीअरिंग लोण्यासारखं आहे वहिनी. गाडीत काही नाही."

वहिनी पुन्हा रस्त्याला लागल्या की गाडीत सगळं होतं.

मग काचांच्या कडा उडायला लागल्या. फुटत नव्हत्या, पण कोपऱ्याला टवका गेलेला असायचा. शेठनं फोन केला. वहिनींना? छे! गाडी वहिनी चालवतात, काचा वहिनी पोचवतात, आणि फोन केला मुलाला. "आईंचं वय झालं हो आता. नजर, हात... आपणच समजून घ्यायचं. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, गाडी त्याच्याकडे द्या, आई घरी आराम करतील." किती काळजी! इतकी काळजी, की जिची काळजी तिला सोडून सगळ्यांशी बोलला.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या आणि पाणी प्यायला बसल्या. हातातला पेला थरथरत होता. दिवसभर अंगात मुरलेली शिरशिरी अशी लगेच उतरते होय? मुलानं ते बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच घोळ झाला. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर वहिनींनी दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

"आई, तुझा हात कापतोय."

"माझा नाही रे, गाडीचा आहे तो."

"गाडी अंगणात उभी आहे, आई."

झालं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. वहिनींचं बीपी बघितलं, साखर बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, हात पुढे करून बोटं पसरायला लावली. काही सापडलं नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताण असेल, आराम करा. बाईचा एकेक नटबोल्ट तपासून झाला. गाडीखाली मात्र कुणी वाकलं नाही.

मुलानं उस्तादला विचारलं, तर उस्ताद हसत म्हणाला, "अरे, नाचता येईना अंगण वाकडं. मी तीनदा बघितली गाडी. आईला सांभाळ." चोराच्या उलट्या बोंबा! मुलानं घरी येऊन किल्ली मागितली.

"किल्ली दे आई. आता पुरे."

वहिनींनी किल्ली मुठीत धरली. "देणार नाही. आधी त्या उस्तादला मोठ्या रस्त्यावर घेऊन चल. कोपऱ्यापर्यंत नाही, मोठ्या रस्त्यावर. तूही बस. मीही बसते. गाडी थरथरली नाही, तर किल्ली तुझ्या हातात ठेवते आणि पुन्हा नाव काढत नाही."

"नक्की?"

"नक्की. पण ती तोवर माझ्याकडे राहील."

रविवारी सकाळी तिघं निघाले. गाडी उस्ताद चालवणार, मध्ये मुलगा, दाराशी वहिनी. वहिनींनी किल्ली उस्तादच्या हातात दिली. ज्याच्यावर खटला, तोच न्यायाधीश! उस्तादनं शांतपणे आपली गादी सीटवर ठेवली, दोनदा थोपटली, अंदाज घेत घेत वर बूड टेकलं आणि मुलाला म्हणाला, "तू फक्त स्टीअरिंगकडे बघ. काही असलं तर इथं दिसेल."

गाव संपलं. रस्ता मोकळा झाला. तिसरा गिअर, चौथा गिअर. गाडी पळायला लागली आणि वहिनींच्या खाली ओळखीची शिरशिरी सुरू झाली. आली गं बाई! त्यांना इतका आनंद झाला, की दुखणं आल्याचा असा आनंद व्हावा, याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी उस्तादकडे बघितलं. उस्ताद दोन बोटांनी स्टीअरिंग धरून आरामात शीळ घालत होता.

"कुठाय वहिनी थरथर?" त्यानं विचारलं. "बघ रे, लोणी आहे की नाही?"

"हो काका," मुलगा स्टीअरिंगकडे बघत म्हणाला. मग आईकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, बघितलंस ना? आता परत फिरू या."

वहिनी 'खाली येतंय' म्हणणार होत्या. शब्द तोंडातून निघता निघता थांबला. आज पुन्हा 'खाली' म्हटलं तर उस्ताद टायर दाखवणार, 'मागून' म्हटलं तर फाळका, आणि घरी जाऊन किल्ली मुलाच्या हातात ठेवायची. उद्यापासून त्या सीटवर कुणी दुसराच बसणार. दादांची सीट! त्यांची नजर उस्तादवर गेली. उस्तादवरून सीटवर. आणि सीटवरून त्या जाडजूड, भोकाच्या, फोमच्या गादीवर.

"बुडाखाली!" वहिनी ओरडल्या.

शीळ बंद झाली.

"बुडाखाली थरथरतं, उस्ताद! स्टीअरिंगचं कोण बोलतंय? माझ्या बुडाखाली थरथरतं, आणि तुम्हाला कळणार कुठून? तुम्ही गादीवर बसलाय! काढा ती गादी!"

"आई!" मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"तू गप्प बस. डॉक्टरसमोर माझी बोटं मोजून घेतलीस तेव्हा मी लाजले नाही. काढा म्हणते ना गादी!"

"वहिनी, माझी कंबर..." उस्ताद चाचरला.

"कंबर तुमची आहे तिथं छान आहे. दुखणं कुठाय ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. तुम्ही बोलत नाही आणि मीही बोलत नव्हते. दोघांची सभ्यता सांभाळता सांभाळता माझी गाडी चाललीय हातची!"

उस्तादनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्यानं गादी काढली, वहिनींनी ती ओढून मांडीवर घेतली. उस्ताद उघड्या सीटवर बसला, तोंड कडू केलं, आणि गाडी पुन्हा काढली. तिसरा. चौथा. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर नुसती कळ होती. मग कळ गेली आणि तो कान टवकारल्यासारखा स्तब्ध झाला. पाय काढला. पुन्हा दिला. पुन्हा काढला.

"च्यायला," तो म्हणाला. "येतंय की."

"मला तर मघापासून येतंय," मुलगा पुटपुटला.

वहिनी त्याच्याकडे वळल्या. "येत होतं? मग बोलला का नाहीस?"

"काकांनी स्टीअरिंगकडे बघायला सांगितलं होतं."

हे ऐकून वहिनींनी मांडीवरच्या गादीलाच एक गुद्दा हाणला. पोटचा पोर! बुडाखाली गाडी बोंबलतेय आणि हा काका म्हणतात म्हणून स्टीअरिंग बघतोय!

गॅरेजच्या वाटेवर उस्तादची वाचा परत आली. "हाताला येते ती पुढच्या चाकांची थरथर, वहिनी. बुडा... म्हणजे सीटला येते ती शाफ्टची. पहिल्याच दिवशी नीट सांगितलं असतंत, तर एवढं रामायण झालं नसतं."

"अस्सं?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कुठे जाणवतं विचारलंत आणि मी लाजले. कबूल. पण त्याआधी सांगितलं होतं ना, क्रॉस बदलल्यापासून होतंय म्हणून? त्यात कुठला शब्द असभ्य होता?"

उस्तादनं रस्त्याकडे बघितलं.

गॅरेजात गाडी खड्ड्यावर घेतली. उस्ताद बॅटरी घेऊन खाली उतरला, आणि वहिनीही उतरल्या. त्याला नको होतं, पण आज वहिनींना कोण अडवणार? शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत दातऱ्यांनी बसतात. ते कसेही बसवून चालत नाही. दोन्ही टोकांचे लोखंडी कान एका रेषेत आले पाहिजेत, म्हणून बनवतानाच दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण आला की काम फत्ते. उस्तादनं चिखल पुसला. एक बाण दिसला. दुसरा बाण त्याच्यासमोर नव्हता. तो बाजूला सरकून भलतीकडेच बोट दाखवत होता.

उस्तादनं चिखल पुन्हा एकदा पुसून बघितला.

"दात चुकलाय," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"शाफ्टचा."

"शाफ्टनं आपला आपण चुकवला?"

वर मुलगा वाकून ऐकत होता. उस्तादनं त्याच्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि हातातलं फडकं उगाच पिळलं. "माझा," तो म्हणाला. "घाईत बसवला असेल."

"घाईत माझं डोकं फिरलंय म्हणून सांगितलंत माझ्या पोराला."

उस्तादनं शाफ्ट उतरवला, तुकडे वेगळे केले, बाणासमोर बाण आणून बसवला. काम झटकन झालं, आणि याचाच वहिनींना जास्त राग आला. एवढ्याशा कामासाठी आपल्याला म्हातारी ठरवली! हात धुऊन उस्ताद पुढे आला, किल्ली पुसली, आणि सवयीप्रमाणे मुलापुढे धरली.

आणि मुलाचा हातही सवयीप्रमाणे पुढे झाला!

वहिनींनी दोघांच्या मध्ये आपला हात घातला. तळवा उघडा, बोटं पसरलेली, डॉक्टरनं पसरायला लावली होती तशी. हात थरथरत होता. लटलट थरथरत होता, आणि वहिनींनी तो लपवला नाही.

"आई, हात..." मुलगा म्हणाला.

"कापतोय. नीट बघून घे. गाडीची थरथर गेली, आता उरली ती माझी. रागाची आहे. हिला कुठल्या गॅरेजात नेणार आहेस, सांग."

मुलानं मान खाली घातली. उस्तादच्या हातातून किल्ली घेतली आणि आईच्या तळहातावर ठेवली. वहिनींनी मूठ मिटली. मग त्या सीटवर जाऊन बसल्या, खिडकीतून ती गादी उस्तादच्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "कंबर सांभाळा."

मोठ्या रस्त्यावर गाडी पुन्हा चौथ्यात पळायला लागली. खाली काही नव्हतं. नुसता रस्ता होता. मुलगा बाजूला बसून मधूनच चोरून आईच्या हातांकडे बघत होता. स्टीअरिंगवर ते हात दगडासारखे स्थिर होते.

"शेठला फोन लाव," वहिनी म्हणाल्या.

"मी?"

"तूच. तुलाच करतो ना तो? सांग त्याला, गाडी बिघडली होती, आई नाही. उद्यापासून आरसे मीच नेणार."

मुलानं फोन काढला. नंबर लावता लावता थांबला. "आणि आम्हाला कसं कळलं विचारलं तर? कुठे जाणवलं म्हणून सांगू?"

"जिथं जाणवलं तिथं," वहिनी म्हणाल्या. "तोच शब्द. गाळायचा नाही. आणि मोठ्यानं बोल, मला इथं ऐकू आलं पाहिजे."

पलीकडे फोन उचलला गेला. मुलानं घसा खाकरला, आईकडे एकदा बघितलं, आणि सांगायला सुरुवात केली.